बाईंच्या पद्धतीने शुश्रूषा

शुश्रूषा म्हणजे एका जिवाने दुसऱ्या जिवाच्या वेदनेपुढे नम्र होणे. हे वाक्य परिचारिका विद्यालयाच्या जिन्यात निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. ते ज्यांनी लिहिलं त्या बाई सध्या हाडांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर पडल्या पडल्या ओरडत होत्या, "ही उशी आहे की सिमेंटचं पोतं?"

"पोतंच आहे," सिस्टर म्हणाली. "उशी हवी तर खासगीत जा."

या सिस्टरला सगळा वॉर्ड कारलं म्हणत असे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि तिची काही हरकत नव्हती. कारल्याला कुणी उगाच हात लावत नाही. बाईंची ती जुनी विद्यार्थिनी. इंजेक्शन अचूक, पट्टी सुरेख, चादरीला सुरकुती नाही, आणि तरी बाईंनी तिला प्रात्यक्षिकात नापास केलं होतं. भर वर्गात त्यांनी कारण सांगितलं, "हिच्या हातांना कळतं, चेहऱ्याला कळत नाही." त्या एका वाक्यापायी सहा महिने पुन्हा त्याच चादरी. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, केस पिकले. राग मात्र जागच्या जागी होता. उलट चांगला मुरला होता.

आणि आता बाई आयत्या हाती लागल्या होत्या. घरात एकट्या असताना पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर म्हणाले, आता उठा आणि चाला. बाई काही उठेनात. वॉकर वाकडा आहे म्हणाल्या. दुसरा आणला, तर तो उंच. फरशी ओली आहे म्हणाल्या. ती पुसून कोरडी केली, तर म्हणे आता फार गुळगुळीत झाली.

बाईंची बोटं खाटेच्या दांडीवर कशी आवळलेली आहेत, हे सिस्टरने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. न्हाणीघराच्या दारात पडल्या, दुधवाल्याला हाक ऐकू येईपर्यंत रात्रभर तिथेच. बाईंना फरशीची भीती बसली होती. रुग्णाची भावना ओळखावी, असं बाईंनीच शिकवलेलं. सिस्टरने ती ओळखली आणि तिला बरं वाटलं.

भाचा आला तो बुधवारी. दुकानातून थेट आला होता, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"आत्या, शनिवारी डॉक्टर बघणार आहेत. चाललीस तर तुझ्या घरी. नाही चाललीस तर आमच्याकडे. दुकानामागची खोली आहे ना, खोके हलवले की झालं."

"मी खोक्यांत राहू?"

"खोके हलवले की म्हणतोय."

"माझी किल्ली दे."

"असू दे माझ्याकडे. झाडांना पाणी कोण घालणार?" तो हसला. हसताना त्याने किल्ल्या खिशात टाकल्या.

तो गेल्यावर बाईंना आपलं घर आठवलं. मास्तरकीच्या पगारातून घेतलेलं दोन खोल्यांचं घर. तिथे त्यांना कुणी "जरा सरका" म्हणत नसे. पण वॉकर होता तिथेच राहिला. त्याऐवजी बाईंनी मेट्रनला बोलावलं आणि आयुष्यातली मोठी चूक केली.

"या मुलीला शुश्रूषा येत नाही," त्या म्हणाल्या. पन्नाशीला टेकलेली मुलगी शेजारीच उभी होती. "नुसती कामं उरकते. मी माणूस आहे, सामान नाही. हिला सांगा, माझ्या पद्धतीने कर. अक्षरशः."

मेट्रनही बाईंचीच विद्यार्थिनी, पण पास झालेली. ती म्हणाली, "सिस्टर, उद्यापासून बाईंच्या पद्धतीने. अक्षरशः."

"हो मॅडम," सिस्टर म्हणाली. आणि वॉर्डात रुजू झाल्यापासून पहिल्यांदाच हसली. पलीकडच्या खाटेवर पाय टांगून पडलेल्या शिंपीणबाईंनी ते हसू पाहिलं आणि पांघरूण वर ओढून घेतलं.

बाईंची पद्धत 'आधी मन, मग औषध' या पुस्तिकेत दिलेली होती. रुग्णाजवळ बसा. डोळ्यांत पाहा. परवानगी घेऊन हात हातात घ्या. मनाची अवस्था विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा. त्याआधी कोणत्याही उपचाराला हात लावू नका. सिस्टरला हे सगळं तोंडपाठ होतं, कारण ती ते दोनदा शिकली होती.

सकाळी बाई जाग्या झाल्या. "भांडं दे."

सिस्टरने स्टूल ओढलं, त्यावर बसली, बाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "बाई, तुमचा हात हातात घेऊ?"

"कशाला? भांडं दे म्हणतेय ना!"

"परवानगी नाही, ठीक आहे. आज मनाची अवस्था कशी आहे?"

"मन गेलं खड्ड्यात! मला घाई आहे."

"तुम्हाला राग आलाय असं मला जाणवतंय," सिस्टर शांतपणे म्हणाली. "हा राग शरीरात नेमका कुठे जाणवतो?"

"ओटीपोटात, सिस्टर!" पलीकडून शिंपीणबाई म्हणाल्या. "इथून दिसतंय मला!"

"तुम्ही गप्प बसा!" बाई किंचाळल्या. "आणि तू ऊठ!"

"उत्तर मनातून यावं, घाईने काढून घेऊ नये. पान बारा."

"पान बारा मी लिहिलंय!"

"म्हणून तर थांबलेय."

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की कच्ची विद्यार्थिनी असती तर रडली असती. सिस्टर स्टुलावर आणखी ऐसपैस बसली. शेवटी बाईंनी पांघरूण फेकलं, पाय खाली सोडले, वॉकर धरला आणि उभ्या राहिल्या.

शिंपीणबाईंनी मान उंचावली.

"हात लावू नकोस," बाई म्हणाल्या.

"परवानगीशिवाय लावत नाही."

बाई निघाल्या. वॉकर ठक, पाय फरफट, वॉकर ठक. सिस्टर मागून चालली, दोन्ही हात बाईंच्या कमरेच्या दोन बाजूंना, शिवतील न शिवतील असे.

"मागे काय येतेस?"

"पडलात तर लेखी खुलासा मला द्यावा लागेल."

न्हाणीघराच्या दाराशी उंबऱ्यासारखी बोटभर उंच पट्टी होती. तिथे बाई थांबल्या. मान पांढरीफटक पडली होती.

"पडले तर?" आवाज एकदम बारीक झाला.

आता सांत्वन करायचं असतं, हेही पुस्तिकेत होतं. सिस्टर म्हणाली, "पडलात तर शनिवारी तुमचा भाचा खोके हलवेल. मला काय, खाट रिकामी होईल."

"मेलीस तू," बाई म्हणाल्या आणि पाय उचलला.

दार लागलं. सिस्टरने तळवे पाहिले तर घामाने चिंब. तिने ते झग्याला पुसले आणि उगाचच शिंपीणबाईंवर खेकसली.

त्या दिवसापासून सिस्टरने स्टुलाला हात घातला की बाई वॉकरला हात घालत. चहा आला की त्या उभ्या. गोळ्यांची वेळ झाली की व्हरांड्यात. "मनाची" एवढं ऐकू आलं की बाई वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. शनिवारी डॉक्टरांनी त्यांना दारापर्यंत जाऊन या म्हटलं, तेव्हा बाई जाऊन, वळून, वाटेत एका शिकाऊ मुलीची टोपी सरळ करून परत आल्या.

"बघा!" मेट्रनचे डोळे पाणावले. "याला म्हणतात मन लावून शुश्रूषा."

"मन?" बाई फणकारल्या. "ही बया सूड घेत होती. पद्धत बरोबर होती, भाव चुकीचा होता. आजही नापासच केलं असतं."

"पुन्हा आलात तर पुन्हा असंच वागेन," सिस्टर म्हणाली.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी न्यायला आलेल्या भाच्यापुढे तळहात पसरला. "किल्ली."

भाच्याने जुडगा काढला, त्यातली किल्ली शोधायला फार वेळ लावला, आणि ती देताना बाईंकडे पाहिलं नाही. बाई कुणाचा निरोप न घेता ठक ठक करत लिफ्टकडे निघाल्या. पाठ ताठ होती.

भाचा मागे रेंगाळला. सिस्टरजवळ येऊन त्याने आवाज खाली आणला.

"सिस्टर, आणखी आठवडाभर ठेवता नाही का येणार हिला?"

"का? चालतायत की."

"ते दिसतंय," तो म्हणाला. "पण घरात भाडेकरू गुरुवारीच राहायला आलेत."