शेवटचा आकडा

“माणूस खोटं बोलतो, आरसाही थोडंफार बोलतो, मीटर मात्र कधी खोटं बोलत नाही,” बाबांनी जाहीर केलं. एकतीस वर्षं घरोघरी विजेचे मीटर वाचून निवृत्त झालेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य शोभूनही दिसलं असतं. फक्त त्यांनी डोकं घातलं होतं ती गाडी विकायची नव्हती. ती कुंड्या न्यायला आलेल्या एका बाईंची होती आणि बाई आतच बसलेल्या होत्या.

“विकायची ती पलीकडची,” रोपवाटिकेचे मालक नम्रपणे म्हणाले.

“तुमचा मीटर छान आहे,” असं बाईंना सांगून बाबांनी पलीकडे मोर्चा वळवला.

गाडी हवी होती लेकीला. लेक जनावरांची डॉक्टर. डोंगरावरच्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली होती, पण अट एकच : चारही चाकांना जोर लागणारी स्वतःची गाडी, तीही सोमवारच्या आत. नाहीतर जागा दुसऱ्याला. आज शनिवार. आधीच्या तीन गाड्यांचे मालक गाडीचं खरं वय लपवायला इतकं गोड बोलले होते, की लेकीने तिघांनाही लांबून नमस्कार केला होता.

आता ती गाडीखाली पाठीवर सरपटत गेली होती. बाहेर फक्त बूट दिसत होते. बाबा चालकाच्या जागेवर बसले, चष्मा पुसला आणि आकडा वाचला. अठरा हजार चारशे बत्तीस.

बाबांनी चष्मा पुन्हा पुसला. अकरा वर्षं जुनी गाडी आणि अठरा हजार किलोमीटर! म्हणजे ही गाडी चालवलेली नाही, नुसती पुसून ठेवलेली.

“देते किती?” त्यांनी आवाज शक्य तितका कंटाळलेला ठेवून विचारलं.

“चार,” मालक म्हणाले.

“लिटरला चार? ही गाडी आहे की गळका हौद?”

“अहो, किंमत चार लाख! देते अकरा. चढाला नऊ धरा.”

चार लाख! या भल्या माणसाला आपल्याकडे काय आहे याची कल्पनाच नव्हती. एकीकडे पोटची पोर, दुसरीकडे सदसद्विवेक. बाबांचा स्वभाव असा, की वाण्याकडून सुटे जास्त आले तर परत द्यायला ते दोन बस बदलून जात. ते मालकांना जास्वंदीच्या रोपांआड घेऊन गेले.

“साडेचार घ्या.”

“काय घेऊ?”

“साडेचार लाख. चार कमी होतात हो. तुमचं नुकसान मला बघवत नाही.”

घासाघीस करणारी गिऱ्हाइकं मालकांनी आयुष्यभर पाहिली होती. उलट्या दिशेने घासणारं हे पहिलंच. त्यांनी बाबांना बसायला उलटी कुंडी दिली आणि पाणी आणायला आत धावले.

तेवढ्यात लेक बाहेर आली. तिने दार उघडलं, खाली वाकली, बोटांनी पेडल चाचपले. “वय ठरवायचं तर आधी दात बघते मी,” ती म्हणाली. “बाबा, ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून लोखंड दिसतंय. सीटला बसून बसून खड्डा पडलाय. मीटर किती दाखवतोय?”

“अठरा हजार चारशे बत्तीस.”

लेकीचा चेहरा उतरला. पाणी घेऊन आलेल्या मालकांकडे वळून ती म्हणाली, “काका, तुम्हीसुद्धा? मीटर मागे फिरवलात ना? बाबा, चला घरी.”

मालकांनी तांब्या खाली ठेवला. “मी? अहो ताई, अठरा हजार म्हटलं कोणी? या, वाचा.” त्यांनी काचेवर बोट ठेवून एकेक आकडा मोठ्याने म्हटला. “एक, आठ, चार, तीन, दोन, शून्य. एक लाख चौऱ्याऐंशी हजार तीनशे वीस!”

“शेवटचा आकडा धरायचा नसतो,” बाबा ठामपणे म्हणाले.

“का?”

“पॉइंटनंतरचा असतो तो. बिलात येत नाही.”

लेक बॉनेटला टेकून अशी हसू लागली, की कुंडीवाल्या बाई काच खाली करून बघू लागल्या.

“बाबा, ही वीज नाही हो, गाडी आहे!”

डोळे पुसून तिने पुन्हा पेडल पाहिले. पावणेदोन लाखांच्या वर पळालेल्या गाडीचे ते असेच झिजायला हवे होते. झीज आणि आकडा एकमेकांना धरून होते. आठवडाभरात पहिल्यांदाच कोणीतरी खरं वय सांगत होतं. तिने गाडी शेणखताच्या ढिगावर घातली. गाडी गुरगुरत चढली आणि पलीकडे अलगद उतरली.

“घेते,” ती म्हणाली. “पण पुढचे टायर एका जातीचे, मागचे दुसऱ्या. चारही पाय सारखे नसले तर आतले गिअर लवकर जातात. चारही बदलावे लागतील. साडेतीन.”

“तुमचे वडील साडेचार म्हणत होते.”

“कधी?” लेकीने बाबांकडे पाहिलं. बाबा जास्वंदीची पानं मोजत होते.

“जाऊ द्या,” मालक हसले. “माझं नुकसान त्यांना बघवत नव्हतं, तुमचं मला कसं बघवेल? तीन साठ.”

व्यवहार झाला. लेकीने सोमवारी हजर होते म्हणून दवाखान्याला फोन केला. बाबा ताठ मानेने पुढच्या सीटवर बसले. इतक्यात मालक हातात पिशवी घेऊन खिडकीशी आले.

“ताई, मला तेवढं बस स्टॉपपर्यंत सोडता का? आता माझ्याकडे गाडी नाही.”