हरणाबाईचा गुर्दा

अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणात एका सकाळी आष्ट्याच्या निवृत्त हवालदार नाथाजीला चपला बसेनात. पाय सुजले होते.

त्याच्या पोटात चार वर्षं त्याच्या धाकट्या विधवा बहिणीचा, हरणाबाईचा, गुर्दा होता. पुण्याला तो बसवला तेव्हा आईला, साळूबाईला, एकच घोर लागला होता : विधवेची वस्तू कर्त्या पुरुषाला चालेल का? शेवटी तिनं पोराच्या पोटावरच्या पट्टीला हळदीकुंकू लावलं. हरणाबाईच्या कपाळाला अकरा वर्षं जे लागलं नव्हतं, ते तिच्या गुर्द्याला लागलं.

आता पुण्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. "गुर्दा उत्तम होता, हवालदार. तुमच्या अंगातल्या जुन्या आजारानं आता यालाही धरलंय. बहिणीचा काही दोष नाही."

घरी साळूबाईनं विचारलं, "काय म्हनला डाक्टर?"

"गुर्दा बिघडलाय म्हनला."

एवढं खरंच होतं. उरलेलं नाथाजीनं गिळलं. वीस वर्षं पलटणीत फिट ठरलेल्या माणसानं खोट आपल्यातच आहे हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

रोगाचं निदान साळूबाईनं पुरं केलं. "पांढऱ्या कपाळाचा गुर्दा. धनीण डोळ्यापुढं आली की तिच्याकडं वढ घेतोय."

हरणाबाईचं ताट गोठ्यात गेलं. गल्लीनं माना डोलावल्या. नाथाजी नको म्हणाला नाही; उलट, ती दिसेनाशी झाल्यापासून जरा बरं वाटतंय, असंही एकदा बोलून गेला.

सूज उतरली नाही. दिवाळीनंतर हरणाबाईला जतकडं दिराच्या घरी धाडायचं ठरलं. दीर कोंडीबा न्यायला आला.

"एका गुर्द्यावर खडी फोडता येती न्हवं?" त्यानं आधीच विचारून घेतलं.

हरणाबाई गाठोडं घेऊन दारात थांबली. "दादा, गोळ्या येळंवर घे. मी दिला त्यो चांगला न्हवता, रागावू नगंस."

नाथाजी खांबाला धरून उठला. "चांगला हुता त्यो. आजार माझा हाय. डाक्टरनं सांगितलंय."

"कवा?"

"श्रावणात."

"आन् मी तीन म्हैनं गोठ्यात जेवले."

साळूबाई मधे पडली. "झालं गेलं. घरातल्या घरात मिटवा."

"गोठ्यात बसवलेली समद्या गल्लीनं बघितली, आये." हरणाबाईनं गाठोडं बाजेवर ठेवलं. "भावजी, तुमी जावा. दादा, तू गल्लीत सांगून ये. घरटी."

गल्लीत चौदा घरं. पहिल्या दारात बनाबाई चहाचं आधण ठेवायला निघाली. त्यानं हातानंच नको म्हटलं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं होतं.

"माझ्या भनीचा गुर्दा चांगला हुता," तो उभ्यानंच म्हणाला. "खोट माझ्यात हाय."

"आगं बया. मग इतकं दिस गप का हुतासा?"

याची तयारी त्यानं केली नव्हती. 

"बोल तिला लागत हुता," तो म्हणाला. "मला सोपं पडत हुतं."

आणि तो पुढच्या दाराकडं वळला. तिथंही हेच विचारणार होते.