थुंकी लावलेली अकरा कौलं

गोंद वाळायला सोळा तास घ्यायचा आणि साहेब लोकांना जहाज कालच हवं असायचं. मग काय, गोंद कालवताना आम्ही बायका त्यात थुंकायचो. थुंकीनं तो चटकन धरायचा. हसू नका! आमच्या टायटसव्हिल गावातल्या कितीतरी चुली त्या थुंकीवर पेटत होत्या.

अंतराळजहाजाच्या पोटाला काळी कौलं चिकटवायची, हे आमचं काम. वरून परत येताना त्या पोटाखाली तांबं वितळेल अशी आग असते. मध्ये फक्त आमचं कौल.

एका सोमवारी नोटीस लागली: गोंदात पाणी गेलं तर तो लवकर धरतो, पण पुढे सुटतो. थुंकी म्हणजे पाणीच की! उड्डाणाला बारा दिवस, आत बसणार पाच माणसं. बोलावं तर नोकरी जाणार. नवरा वारलेला, पदरात दोन पोरी. दोन दिवस घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी गेले आमच्या मुकादमाकडे, ओडेल प्रुइटकडे.

"मिस्टर ओडेल, माझी अकरा कौलं उपटा. मी थुंकलेय त्यांच्या गोंदात."

म्हाताऱ्यानं पेन्सिल उचलली. "एवढी थुंकी साठली होती तर माझ्या तोंडावर थुंकायचीस की गं, व्हर्लीन! नंबर आठवतात?"

प्रत्येक कौलाला नंबर असतो. मी अकराही घडाघडा सांगितले. माझ्यामागून बाकीच्याही आल्या, माना खाली घालून. थुंकीची सगळी कौलं काढून आम्ही पुन्हा बसवली. अहवालात ओडेलनं घडलं ते सगळं लिहिलं. फक्त कसूर कोणाची, तिथे लिहिलं: पाणी चालत नाही हे मी बायकांना सांगितलं नाही.

आमच्या नोकऱ्या राहिल्या. त्याला कोठारात बसवलं, हातमोजे वाटायला.

जहाज उतरलं त्या सकाळी, आवाजाहून वेगानं येताना नेहमी होतात तसे, दोन धडाके झाले, माझ्या खिडक्या थरथरल्या. पाचही जण चालत बाहेर आले. जहाज शेडमध्ये आल्यावर मी पोटाखाली शिरले. अकराही जागच्या जागी, जराशी करपलेली. तशीच धावले कोठारात.

"अकराच्या अकरा आहेत, मिस्टर ओडेल. तुमचे उपकार मी कसे फेडू?"

"फेडतेस कसले? तेच जहाज पुन्हा वर जायचंय. कामाला लाग." त्यानं हातमोजे पुढे सरकवले आणि वर एक मास्क ठेवला. "हा तोंडाला बांध. तुझा काय भरवसा!"

मी हसता हसता रडले.

त्या अकरा कौलांनी पुढे आणखी आठ फेऱ्या केल्या. गोंदाच्या कामाला मास्क लागत नाही. मी मात्र निवृत्त होईपर्यंत बांधला.