मास्तरीणबाई कांजी शिकतात

लोक त्यांना मास्तरीणबाई म्हणत, पण त्यांनी जन्मात कुणाला धडा दिला नव्हता. नवरा जपानी शिकवायचा म्हणून त्या मास्तरीणबाई, एवढंच. त्यांचं काम शिवणाचं. पुढच्या खोलीत मास्तरांचा वर्ग आणि मागच्या खोलीत यांचं मशीन. पडदे, शाळेचे गणवेश, पँट आखूड करणं, चेन बदलणं. मधल्या दारातून मास्तरांचा आवाज यायचा, “रेघ वरून खाली, डावीकडून उजवीकडे.” मग मशीन थांबवून बाई ओरडायच्या, “अहो, त्या अक्षरांच्या मुंग्यांना जरा हळू चालवा, माझी टीप वाकडी जातेय!”

त्या चित्रासारख्या अक्षरांना कांजी म्हणतात हे कळलं तेव्हा तर त्यांना हसू आवरेना. कांजी म्हणजे कपड्यांना घालायची, एवढंच त्यांना माहीत. मास्तर ही गंमत दर नव्या वर्गाला सांगत. चौतीस वर्षं संसार झाला, पण बाईंनी त्यातलं एक अक्षर ओळखलं नाही आणि मास्तरांनीही कधी आग्रह धरला नाही.

मग एका सकाळी मास्तर आरशासमोर खाली बसले ते उठलेच नाहीत. मेंदूत गुठळी. उजवा हात गेला, बोलणं गेलं. पंधरा दिवसांनी तोंडून दोन शब्द फुटले, “बरं बरं,” आणि तेवढेच राहिले. भूक लागली तरी बरं बरं, दुखलं तरी बरं बरं.

एकुलता एक मुलगा दुसऱ्या गावी पुलांच्या तपासणीच्या कामावर होता, रविवारी तेवढा घरी यायचा. तो धावत आला, नऊ दिवस राहिला. बापाची दाढी करायचा आणि करताना एकटाच बडबडायचा. निघताना म्हणाला, “बाबा, रविवारी येतो.” वाटेत त्याच्या गाडीवर समोरून ट्रक आला.

सगळं आटोपलं तेव्हा मास्तर अजून हॉस्पिटलमध्येच होते. त्यांना घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी बाई पलंगावर टेकल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि सांगून टाकलं, “अहो, आपला मुलगा गेला.”

मास्तर हसले. त्यांचा हात थोपटत म्हणाले, “बरं बरं.”

बाईंनी पुन्हा सांगितलं. हळू सांगितलं, मोठ्याने सांगितलं, कागदावर लिहून दाखवलं. मास्तरांनी कागद उलटासुलटा करून परत दिला. मुलाचा फोटो पुढे धरला, तर त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी दाराकडे बोट केलं. कधी येतोय?

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी समजावलं, “शब्द कानात शिरतात हो, पण अर्थापर्यंत पोचत नाहीत. अक्षरांचंही तसंच. वेळ द्यावा लागेल.”

रविवारी बाई मशीन बंद ठेवत, त्यावरून मास्तरांना वार कळे. त्या दिवशी ते डाव्या हाताने केस विंचरून दारासमोर खुर्चीत बसत. दुपार टळेपर्यंत बसत. दीर म्हणाले, “वहिनी, कळत नाही तेच बरं. सुखात आहे तो.” सुखात आहेत हे खरंच होतं. पण पोर दोघांचं होतं आणि रडायला त्या एकट्याच उरल्या होत्या. रडायच्या त्याही न्हाणीघरात, नळ सोडून.

चौथ्या महिन्यात मास्तरांची जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. आता ती एका कारखान्यात जपानी कागदपत्रांची भाषांतरं करायची. वर्गात असताना ती अक्षरांच्या रेघा इतक्या घाईने ओढायची की मास्तरांनी तिचं नाव घाईबाई ठेवलं होतं. बसल्या बसल्या तिने कपाटातला कांजीच्या कार्डांचा जुना गठ्ठा काढला आणि चाळायला लागली. मास्तरांनी झडप घालावी तसं तिच्या हातातलं एक कार्ड ओढलं आणि बाईंच्या नाकासमोर धरलं.

水.

“काकू,” घाईबाई पुटपुटली, “हे पाणी आहे. सरांना पाणी हवंय.”

बाईंनी पेला भरून आणला. मास्तर घटाघटा प्यायले.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंना कळवलं, तर त्या लगबगीने येऊन स्वतः बघून गेल्या. उच्चाराची अक्षरं पुसली गेली, पण अर्थाची अक्षरं मेंदूच्या दुसऱ्या कोपऱ्यात असावीत आणि तो कोपरा वाचला असावा, असं क्वचित होतं म्हणाल्या. त्या संध्याकाळी बाई घाईबाईला जिन्यापर्यंत सोडायला गेल्या आणि तिथेच तिचा हात धरला. “मला शिकव.”

“काकू, मीच येत जाईन की अधूनमधून.”

“अधूनमधून नको. मला शिकव.”

दर गुरुवारी शिकवणी सुरू झाली. बाई काळ्या अस्तराच्या कापडावर शिवणाच्या खडूने अक्षरं काढत. कुठली रेघ आधी, कुठली मागून, हे त्यांना पटकन उमजलं. आधी खांदा जोडायचा, मग बाही, त्यातलाच प्रकार. अडलं ते उच्चारांपाशी. एकाच अक्षराचे उच्चार दोन, एक चिनीतून आलेला, दुसरा जपानी. पाण्याला सुइ म्हणायचं आणि मिझुही.

“म्हणजे माहेरचं नाव एक आणि सासरचं एक,” बाई म्हणाल्या.

घाईबाई हसली. “सरांना उच्चार लागतच नाहीत आता, काकू. नुसता अर्थ शिकलात तरी चालेल.”

“शिकायचं तर नीट शिकेन. त्यांच्या घरात अर्धवट शिकलेलं कुणी ठेवून घेतलंय का?”

एकदा ‘विवाहित स्त्री’चं अक्षर आलं. डावीकडे बाई, उजवीकडे झाडू. बाईंनी खडू खाली ठेवला. “इतक्या लांबच्या देशात जाऊनही झाडू आमच्याच हातात!” त्या खळखळून हसल्या आणि पलंगावरून मास्तरही हसले. घाईबाईला वाटलं, या घराला पुन्हा जीव आला.

तीन महिन्यांत सत्तर-ऐंशी अक्षरं झाली. भात, औषध, खिडकी, थंडी. मास्तर कार्ड उचलत, बाई उठत. शेजारीपाजारी कौतुक करत. मग एका गुरुवारी बाईंनी विचारलं, “मुलगा कसा लिहितात?”

घाईबाईने लिहिलं, 息子. “पहिलं अक्षर श्वासाचं, दुसरं लेकराचं. सुटं असताना पहिल्याला इकि म्हणतात, नाहीतर सोकु. पण इथे दोन्ही नाही चालत. दोन अक्षरं मिळून मुसुको.”

बाईंनी ते कापडावर सहा वेळा गिरवलं. मग मान वर न करता म्हणाल्या, “गाडीचं येतं मला. आता मरण सांग.”

घाईबाईच्या हातातली पेन्सिल थांबली. “काकू, याच्यासाठी शिकत होता?”

“मग काय, भात मागता यावा म्हणून? भात मला न मागताही कळतो गं.”

“मी सांगू का सरांना? मला नीट लिहिता येईल.”

“नाही. मूल माझं आणि त्यांचं आहे. मीच सांगणार.”

घाईबाईने ते अक्षर लिहून दिलं. सहा रेघा. उच्चार म्हणाल तर शि, चिनीतून आलेलाही तोच आणि जपानीही तोच.

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर बाईंनी दार लावून घेतलं. काळं कापड मास्तरांच्या मांडीवर पसरलं. लिहिलं, 息子. मास्तर हसले आणि दाराकडे बघितलं. बाईंनी खाली गाडी लिहिली. मास्तरांनी मान हलवली. हो, गाडीने येतो तो. मग बाईंनी सगळ्यात खाली तिसरं अक्षर काढलं, 死. वरची आडवी रेघ मात्र अर्ध्यातच राहिली, डाव्या भागावरच संपली.

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. पस्तीस वर्षं चुका सुधारायची सवय. डाव्या हाताने त्यांनी खडू काढून घेतला आणि ती रेघ पुढे नेली. दोन्ही भागांच्या डोक्यावरून जायला हवी ती, अशी. रेघ पुरी झाली आणि मास्तरांचा हात तिथेच थांबला.

त्यांनी अक्षराकडे बघितलं. वर गाडीकडे, त्याच्या वर मुलाकडे. मग बाईंच्या तोंडाकडे. बाईंनी मान हलवली.

“बरं,” मास्तर म्हणाले. “बरं बरं. बरं बरं बरं.” तो आवाज वाढत गेला. छाती फुटेस्तोवर आक्रोश करायचा आणि तोंडात शब्द तेवढाच. बाईंनी त्यांचं डोकं पोटाशी धरलं. आपण काय करून बसलो असं त्यांना झालं. वाट बघायला आठवड्यातला एक दिवस होता मास्तरांकडे, तोही काढून घेतला.

बऱ्याच वेळाने मास्तर शांत झाले. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट केलं. कधी? बाईंनी पानं उलटत उलटत मागे नेली आणि एका तारखेवर बोट ठेवलं. मास्तर बोटांवर मोजत राहिले. मग त्यांनी खडू उचलला. सात लिहिलं, महिना लिहिला. घाईबाईने नंतर सांगितलं की अशाने त्याचा अर्थ जुलै होतो, सात महिने नाही, आणि या चुकीला सर हमखास गुण कापत. पण त्या दुपारी बाईंना ते बरोबर कळलं. त्यापुढे मास्तरांनी एक आडवी रेघ ओढली, आणि दोन पायांवर उभा असलेला माणूस काढला. एक. माणूस. खडू टाकून त्यांनी बाईंच्या छातीवर बोट ठेवलं.

सात महिने. तू एकटी.

तेव्हा बाई रडल्या. नळ न सोडता, मोठमोठ्याने. शेजारीण दार वाजवून गेली तरी त्या थांबल्या नाहीत.

मुलाची भाड्याची खोली अजून तशीच कुलूपबंद होती. घरमालकीणबाईंनी दोनदा फोन केला होता आणि बाई दोन्ही वेळा “बघते” म्हणाल्या होत्या. त्यांच्याने एकटीने ते कुलूप उघडवत नव्हतं. पुढच्या आठवड्यात घाईबाईने गाडी ठरवली आणि तिघं गेली. मास्तरांना दोन जिने चढवायला अर्धा तास लागला.

आत हेल्मेट, मोजमापाची वही, दोरीवर वाळून कडक झालेले मोजे. पलंगावर नुकतं कुणी उठून गेल्यासारखी चादर. घाईबाई भांडी बांधायला लागली. मास्तर पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी खुणेने शर्ट मागितले. एकेक शर्ट मांडीवर घेऊन, एका हाताने, ते घडी घालू लागले. बाह्या बाहेर येत होत्या, कॉलर चुरगळत होती. एक घडी घालायला पाच-पाच मिनिटं लागत होती.

बाईंना वाकडी घडी कधी खपली नव्हती. त्या शेजारी बसल्या आणि मास्तर जसे देतील तसे शर्ट बॅगेत ठेवत गेल्या.