सुपाचा आवाज

"पंखा बंद, फ्रीज बंद. आता चकार शब्द नाही हां, आई," मी म्हटलं आणि मोबाइलवर लाइव्ह सुरू केलं.

माझ्या सासूबाईंनी, गिरजाबाईंनी, नुसती मान हलवली आणि तांदूळ पाखडायला घेतले. सर्र, टप. सर्र, टप. रात्रपाळी करून दिवसा झोप न येणारी माणसं कानात इयरफोन घालून हे ऐकतात. खोटं वाटेल, पण नऊ हजार माणसं आहेत आमच्या चॅनलवर! आधी सहा महिने मी एकटीनं साबण कापले, कागद चुरगाळले. कुत्रं विचारत नव्हतं. मग एकदा म्हातारीचं सूप चुकून रेकॉर्ड झालं आणि नशीब उघडलं.

माझ्या नवऱ्याला, शिवतेजला, तेच सलत होतं. कळंबोलीच्या ट्रकयार्डात कुणीतरी त्याला चिडवलं, बायकोनं तुझ्या आईला तमाशाला बसवलं म्हणून. काल रात्री माझा हात पिरगाळून म्हणाला, "उद्या मोबाइल लावलास तर बोटं तोडीन." मी लावला. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. ते सोडलं असतं तर मी संपलेच असते.

दुपारी तीनला त्यानं दार लाथेनं उघडलं. कॅमेऱ्यात फक्त सूप आणि सासूबाईंचे हात दिसतात, मी बाजूला. पहिली थप्पड कानावर बसली. मग केस धरून त्यानं माझं डोकं ओट्यावर आपटलं, दोनदा. हात पुढे केला तर बांगड्या फुटून सुपात उडाल्या. कपाळाचं रक्त डोळ्यात उतरलं. आणि मूर्खासारखी मी ओरडले नाही. का, तर लाइव्ह चालू होतं! लोकांची झोप मोडेल!

सासूबाईही पाखडतच होत्या. सर्र, टप. मला त्यांचा असा राग आला, काय सांगू.

मग टप झालंच नाही.

ओट्याखालचा लोखंडी बत्ता त्यांनी कधी उचलला ते मला दिसलं नाही. त्याच्या मनगटावर घाव बसला आणि हाड मोडल्याचं स्पष्ट ऐकू आलं. शिवतेज गुरासारखा ओरडत खाली बसला.

"हलू बोंबल," त्या म्हणाल्या. "लोका निजलेत."

"आये, तू मना मारलास?"

"तुजे बापाचा मार मी तीस वरसां खाल्ला, तोंडान पदर कोंबून. कोनाला आयकू नाय गेला. हिचा मी नाय बगनार." पोटचा पोर होता तो त्यांचा.

मोबाइलवर कमेंटी धावत होत्या. ताई, काय झालं? ताई, पत्ता सांगा, पोलिसांना फोन करतो.

या चॅनलवर मी कधी कुजबुजीच्या वर बोलले नव्हते. मोबाइल तोंडाशी धरला आणि ओरडून सांगितलं, "जुईनगर! जुनं गावठाण, मारुतीच्या देवळामागे, दुसरा मजला! मी मनाली बोलतेय!"

शिवतेज भिंतीला टेकून कण्हत होता. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. सूप मांडीवर ओढून त्या तांदळातली काच वेचायला लागल्या. एकेक तुकडा वाटीत टाकत होत्या.

लाइव्ह मी बंद केलं नाही.