विहिरी पिणाऱ्याची चार नावं

मोखाड्याच्या नेत्राच्या चित्रकथेतला खलनायक सोमवारी सकाळी सुदर्शन होता. सूर्यमाळच्या विहिरी तो लांबलचक नाकानं ओढून पिऊन टाकायचा आणि वर ढेकर द्यायचा. शुक्रवारी पुष्पलताबाई ही कथा साऱ्या शाळेसमोर वाचणार होत्या. सहावीतल्या नेत्राच्या आयुष्यात याहून मोठं काही अजून घडलं नव्हतं.

सोमवारी दुपारीच पिठाच्या गिरणीवाले सुदर्शनकाका दारात आले. नाव आपलं, मिशा आपल्या, आणि पाणी चोरल्याचा आळ फुकटचा, असं त्यांचं म्हणणं. नेत्रानं व्हाइटनर काढला. नाव गेलं, मिशा गेल्या, खलनायक चष्मेवाला लक्ष्मण झाला. मंगळवारी कंडक्टर लक्ष्मणकाका चष्मा पुसत पायरीवर उभे. मग बुधवारी तिनं त्याला टक्कल दिलं आणि केयूर केलं. केयूरमामा जव्हारला राहतो, त्याला काय कळणार? पण मामाचे केस नुकतेच गळू लागले होते, आणि संध्याकाळच्या एसटीनं मामा हजर झाला.

गुरुवारी व्हाइटनरचे इतके थर साचले की वही मिटेना. खलनायकाला नाव नाही, तोंड नाही, उरलं नुसतं नाक. नेत्रा ओट्यावर रडकुंडीला येऊन बसली.

बाजाराला आलेले पुंजाबाबा तिथं टेकले. त्यांच्या गावच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवात, राक्षसाचं सोंग नाचवायचा मान त्यांच्या घराचा. त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली, नाकाकडे बराच वेळ पाहिलं.

"याचा मुखवटा कुठंय?"

मुखवटा नाही, असं नेत्रा म्हणाली.

"मंग माणसं भांडणारच. आमचा राक्षस एकच हाय, पोरी. आत आधी आजा नाचला, मंग बाप, आता मी. आतल्याला कोण नावं ठेवीत नाय. माझं नाव घाल."

"पण बाबा, शेवटी तो मरतो."

"मी चाळीस वर्सं मरतोय," पुंजाबाबा ऐटीत म्हणाले. "थांब, दाखवतो."

त्यांनी सुकटीची पिशवी पायरीवर ठेवली, तीन गिरक्या घेतल्या, छाती धरली आणि अंगणात असे सावकाश कोसळले की शेजारची गोदाकाकू पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. बाबांनी पडल्यापडल्याच तांब्या रिकामा केला आणि ढेकर दिला. नेत्राची पेन्सिल तोवर थांबली नव्हती.

शुक्रवारी व्हाइटनरच्या थरावर मोठाल्या दातांचा मुखवटा चिकटला होता. खाली लिहिलं होतं : आत आज पुंजाबाबा. राक्षस मेला तेव्हा मुलांनी तो पुन्हा मरावा म्हणून बाईंना मागची पानं दोनदा वाचायला लावली.

शाळा सुटल्यावर सुदर्शनकाका फाटकाशी घुटमळत होते. पुंजा बरा मरतो, ते म्हणाले, पण मिशांचा माणूस आत असला तर मरण उठून दिसतं. त्यांच्यामागे लक्ष्मणकाका रांगेत होतेच. रात्री जव्हारहून मामाचा फोन आला. मुखवटा डोक्यावरून पुरता खाली येत असेल, तर त्याचीही ना नव्हती.

नेत्रानं नवी वही काढली आणि पहिल्या पानावर मरायच्या पाळ्या लावून टाकल्या.