पाचवं फूल

ग्लाफिराने बारीक कुंचल्याने तैसियाच्या हातातलं पाचवं निळं फूल पुरं केलं आणि ती मागे सरकली. शाळेच्या सभागृहात लावायच्या चित्रांतलं हे शेवटचं. युद्धात रात्रीची बॉम्बफेकी विमानं चालवणाऱ्या, व्होल्गाकाठच्या याच गावातल्या मुलींची ती चित्रं. रोज सकाळी दिवा लावून, त्यांची नावं घेऊन मगच ती रंगांना हात लावी.

बाकीच्यांच्या हाती तिने चार-चार फुलं दिली होती. गेलेल्यांना सम, जिवंतांना विषम, हे तिथे लहान मुलालाही ठाऊक असतं. तैसियाचं विमान मात्र परतलं नाही आणि सापडलंही नाही. तिची धाकटी बहीण कापा मावशी इतकी वर्षं चर्चमध्ये तिच्या नावाची मेणबत्ती जिवंतांसाठीच लावत आली होती. पाद्रीबाबा समजवायला गेले, तर तिला मेलेली कुणी पाहिलीय, असं विचारून मावशीने त्यांनाच गप्प केलं होतं. म्हणून ग्लाफिराने मुकाट्याने एक फूल वाढवलं.

दुपारी मावशी धापा टाकत जिना चढून आली. उपासाचे दिवस, तेव्हा चहाबरोबर सुकवलेली सफरचंदं. मावशीने चष्मा पुसून चित्र न्याहाळलं.

"नाक तिचं नाही. तुझं आहे."

ग्लाफिरा हसली. मावशीचं बोट कॅनव्हासला न लागता फुलांवरून फिरत गेलं आणि शेवटच्यापाशी थांबलं.

"हे एक पुसून टाक."

"मावशी, ते मी तुमच्यासाठीच…"

"कळलं गं. मोजता येतं मला अजून."

ग्लाफिराने जपून विचारलं, काही खबर आली का. मावशीने मान हलवली. आता कोण कळवणार होतं?

"डॉक्टर म्हणतो, उन्हाळा बघेन याचा भरवसा नाही." तिने सफरचंदाची फोड चहात बुडवली. "तिकडे कुणी घ्यायला नको का यायला? आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते, ती काय ओळखणार मला. ताई ओळखेल. माझ्या वेण्या तीच घालायची."

ग्लाफिराने चिंधी टर्पेंटाइनमध्ये भिजवली. रंग ओलाच होता. ती पुसत होती तोवर मावशी खिडकीबाहेर बघत राहिली.

"झालं?"

"झालं."

मावशीने वळून बघितलं नाही. नाक तेवढं जरा बसकं कर, म्हणाली आणि उरलेला चहा प्यायली.

रविवारी चर्चमध्ये तिने नेहमीसारख्या दोन मेणबत्त्या घेतल्या. एक गेलेल्यांच्या बुटक्या मेजावर, आईसाठी. दुसरी घेऊन ती सवयीने, जिवंतांसाठी जिथे लावतात त्या संत निकोलाच्या तसबिरीकडे निघाली, अर्ध्या वाटेत थांबली, परत फिरली. मेजापाशी उभी असलेली ग्लाफिरा जरा बाजूला झाली.

मावशीने आईच्या ज्योतीवर ती पेटवली आणि शेजारीच खोचली.